पत्र्याच्या बारमधली भुताची खुर्ची

दिगू, तुझा तेरावा झाला आणि चौथ्या दिवशी तुझं भूत झालं. सोसायटीचा एकही ठराव तुझ्या हयातीत इतका झटपट अमलात आला नव्हता. ही कर्तबगारी तुझ्या जावयाची. प्रशांत पुण्याची नोकरी सुटून परत आला तेव्हापासून तो करतो काय, असं मी विचारलं की तू "टुरिझम" एवढंच म्हणायचास आणि विषय बदलायचास. विषय का बदलायचास ते आता कळलं.

'बीडची तहानलेली भुतं' असं त्या टुरिझमचं नाव आहे. दर रविवारी लोकांना शहरातल्या जुन्या दारूच्या ठिकाणांवरून पायी फिरवायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक भूत सांगायचं. भुतांची वेळ दुपारी चारची, कारण सातनंतर गिऱ्हाइकं येतात आणि बारवाले भुतांना दारात उभं करत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात काळा कुडता घालून, हातात बॅटरीचा कंदील धरून तुझा जावई वेशीपाशी घाम पुसत उभा होता. मला पाहून म्हणाला, "काका, तुम्ही आलात! घाबरणार नाही ना?" मी म्हटलं, "मी पंचवीस वर्षं तुझ्या सासऱ्याचा सचिव होतो. आता कशाला घाबरतो?"

हे कुठं छापून आलं तर वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. नेकनूरजवळच्या आपल्या गावात सेवा सोसायटी आहे. तू तिचा चेअरमन, मी सचिव. शाळेत तू माझ्या वह्या बघून लिहायचास, सोसायटीत मी तुझ्याकडे बघून लिहायला लागलो. लोक आपल्याला बैलजोडी म्हणायचे. जोडीतला एक बैल जीपमध्ये बसतो आणि दुसरा वह्या वाहतो, असं मी म्हणायचो आणि तू सगळ्यात मोठ्यानं हसायचास.

तेराव्याला मंडपात पाच जणांनी भाषणं केली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तुझं तर टँकर भरून निघालं. एकानं तुला 'सहकाराचा दीपस्तंभ' म्हटलं. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, प्यायला पाणी नाही, दीपस्तंभ मात्र गल्लोगल्ली. फ्लेक्सवर तुझा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, केस काळेकुळकुळीत, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो तुझ्यापेक्षा मोठे. मलाही माईक देऊ केला. मी घसा बसलाय म्हणालो. घसा ठणठणीत होता. उठताना प्रशांत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, बाबांना मी टूरमध्ये घेतलंय. माझी श्रद्धांजली." म्हणून मी गेलो. नाहीतर या वयात मला भुतं बघायला चालत जायची गरज नाही, माझ्या डोक्यात पुरेशी आहेत.

आम्ही सात जण होतो. लातूरचे दोन प्राध्यापक, संभाजीनगरचं एक जोडपं, पोट सुटलेले एक डॉक्टर, त्यांची बायको आणि मी. पहिलं ठिकाण निजामाच्या वेळचा शिंदीखाना. तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. प्रशांत म्हणाला, इथं एका रोहिल्या पठाणाचं भूत आहे, ते रात्री आपला पेला मागतं. मग त्यानं रोहिल्याचा आवाज काढला. दिगू, सदाशिव पेठेत जन्मलेला रोहिला मी पहिल्यांदा ऐकला. कव्हरवाला कंटाळून म्हणाला, "प्रशांतभाई, जरा बाजूला घ्या की मंडळी, गिऱ्हाईक थांबलंय."

दुसऱ्या ठिकाणी पांढऱ्या साडीतली बाई होती. ती परमिट रूमच्या जिन्यात रडते म्हणे. आपल्या बीडच्या बारमध्ये जिवंत बाईला कुणी पायरी चढू दिली नाही, पण मेल्यावर थेट जिन्यात जागा दिली, हा सुधारणेचा केवढा मोठा टप्पा. डॉक्टरांच्या बायकोनं तिथं अंगावर काटा आला म्हणून हात दाखवला. हातावर घामोळं होतं. बिंदुसरेच्या कोरड्या पात्रावरून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा लागत होता आणि सगळी मंडळी सावली शोधत भिंतीला चिकटून चालली होती. मला हसू येत होतं आणि हे सगळं तुला सांगायला पाहिजे, असं मी दोनदा मनात म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर आठवलं की तू नाहीस. तिथं मी चप्पल नीट करायचं निमित्त करून खाली बसलो.

तिसरं ठिकाण आपला पत्र्याचा बार. पत्रे जाऊन स्लॅब पडला त्याला जमाना झाला, तरी नाव पत्र्याचा. दर बुधवारी तालुक्याची मीटिंग संपली की तू तिथं बसायचास आणि सोसायटीची सभासद वही कापडी पिशवीत घालून मी तुझ्या मागं. सोसायटीचं ऑफिस गावात आणि चेअरमन बारमध्ये, अशी आपली कामाची पद्धत. ज्याला सही पाहिजे तो बुधवारी बीडला यायचा. तू ग्लास उचलायचास, मी वही सरकवायचो, तू न वाचता सही करायचास. मी सोडा प्यायचो आणि माझ्या बशीतले शेंगदाणे तू खायचास. तुझ्या पुढं तुझी बशी असताना. का, ते मी कधी विचारलं नाही.

आत गेलो तर फ्रिजशेजारची ती लोखंडी घडीची खुर्ची अजून तिथंच. तिला लाल रिबन बांधलेली. पुढच्या टेबलावर पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास. प्रशांतनं कंदील बंद केला, परत लावला आणि आवाज खोल करून सांगायला लागला.

"तीस वर्षांपूर्वीचा भीषण दुष्काळ. एक तहानलेला शेतकरी पाणी मागत या दारात आला. या बारमध्ये तेव्हा माझे सासरे, आदरणीय चेअरमनसाहेब बसलेले होते. त्यांनी त्याला आत बोलावलं, या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पण उशीर झाला होता. त्यानं इथंच प्राण सोडला. आजही तो इथं येतो. रात्री भरलेला ग्लास ठेवा, सकाळी अर्धा झालेला असतो. आणि आता गेल्या पंधरा दिवसांपासून समोरच्या खुर्चीवर चेअरमनसाहेबही येऊन बसतात. एक पाणी मागणारा आणि एक पाणी देणारा."

संभाजीनगरच्या बाईनं डोळे पुसले. मी तुझ्या खुर्चीकडे बघत होतो आणि मला तुझी अशी किळस आली, दिगू, की काय सांगू. ही गोष्ट प्रशांतनं रचलेली नाही. तेवढी अक्कल त्याला नाही. ही तू त्याला सांगितलीस. जेवता जेवता, मिशीवरून हात फिरवत सांगितली असशील. पाणी तू दिलंस? पाणी बारवाल्याचं, टँकर सरकारचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

आता ती गोष्ट मी सांगतो, कारण ती मुळापासून माहीत असलेले आपण दोघंच होतो आणि आता मी एकटा आहे.

आपल्या वहीत सोपान नामदेव दोन होते. नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक. एक टेकाडावरचा आणि एक खालच्या आळीचा. गावात कुणाचा घोटाळा व्हायचा नाही, पण वहीत टेकाड लिहीत नाहीत. त्या वर्षी दोघंही ऊसतोडीला गेले होते, निम्मं गाव गेलं होतं. टेकाडावरचा सोपान गाडीवान होता, त्याची स्वतःची लालकंधारी बैलजोडी होती. एका बुधवारी ट्रकवाल्यानं निरोप आणला, तुमच्या गावचा सोपान नामदेव उसात पान लागून गेला. आमच्याकडे साप चावण्याला पान लागणं म्हणतात. मी वही उघडली आणि तुला विचारलं, कोणता? तू फुटाणे तोंडात टाकत म्हणालास, "टेकाडावरचाच आसंल बे. त्याचं नशीबच तसलं." मी लाल शाईनं त्याच्या नावावर रेघ मारली आणि पुढं 'मयत' लिहिलं. तू सही केलीस आणि ग्लास वहीवरच ठेवलास. गावात जाऊन विचारायला एक दिवस लागला असता. आपण तो घालवला नाही.

सीझन संपवून सोपान बैलगाडी घेऊन परत आला तेव्हा आपली जनावरांची छावणी सुरू झाली होती. आधी सभासदांची जनावरं, असा तुझा ठराव. मी दारात यादी घेऊन बसलेलो. तो बैल घेऊन पुढं आला आणि मी यादीत बोट फिरवलं तर तो मेलेला. मी त्याला तसं सांगितलं. तो माझ्याकडे आणि बैलांकडे बघत म्हणाला, "सचिव, म्या तर हितं उबा हाय की." मागून कुणीतरी हसलं. मी म्हणालो, चेअरमनला भेट, दुरुस्ती होऊन जाईल. मला खरंच तसं वाटलं होतं.

पुढच्या बुधवारी तो एसटीनं बीडला आला आणि फ्रिजशेजारच्या खुर्चीत टोकावर बसला. तू त्याला पाहिलंस आणि सगळ्या बारला ऐकू जाईल असं ओरडलास, "आलं बे आपलं भूत! पाणी द्या त्याला!" लोक टेबलं बडवून हसले. बाहेर अख्खा जिल्हा हंडे मांडून रांगेत बसलेला आणि आत बर्फाची ददात नव्हती. सोपाननं पाणी पिलं आणि दुरुस्तीचं विचारलं. तू म्हणालास, पुढच्या मीटिंगला घेऊ. तो पुढच्या बुधवारी आला. त्याच्या पुढच्याही. आरोळी तीच, हशा तोच, पुढची मीटिंग तीच. तो चहासुद्धा घ्यायचा नाही, फक्त पाणी प्यायचा. त्या खुर्चीला भुताची खुर्ची नाव पडलं ते तेव्हा.

एकदा परत येताना जीपमध्ये मी तुला म्हटलं, दिगू, चूक आपली आहे, एक ओळ लिहायची आहे. तेव्हा तू जे बोललास ते मला अक्षर अन् अक्षर पाठ आहे. "मधू, चेअरमनची चूक नसते, चेअरमनचा ठराव असतो. आन खालच्या आळीचा सोपान वहीत जित्ता हाय, त्याचं मत आपलं. टेकाडावरच्याचं मत कुनाचं? एक हक्काचं मत मारून दुसरं इरोधातलं जित्तं करू म्हन्तोस? कावून?" आणि वर म्हणालास, "आन पेन तुझं होतं. माझी फक्त सही."

खालच्या आळीचा सोपान, उसात गेला तो हाच, ज्याच्या दहाव्याला आपण दोघंही गेलो होतो, त्यानं पुढं दोन निवडणुकांत तुला मत दिलं. टेकाडावरच्या सोपाननं नेकनूरच्या बाजारात बैलजोडी विकली. मी त्या दिवशी बाजारात होतो. त्यानं दोन्ही बैलांच्या शिंगांचे गोंडे सोडून खिशात घातले आणि कासरा दुसऱ्याच्या हातात दिला. पुढच्या सीझनला तो गाडीवान नव्हता. कोयता घेऊन ट्रकमध्ये चढला आणि उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायला लागला. बुधवारी त्याचं येणं थांबलं. तू दोन बुधवार विचारलंस, "आज भूत आलं न्हाई का?" तिसऱ्या बुधवारी विसरलास.

हे सगळं त्या टूरमध्ये माझ्या डोक्यातून गेलं आणि मी म्हणालो, "तो मेलेला नाही." मोठ्यानं म्हणालो. सगळे वळले. "तो शेतकरी जिवंत आहे. त्याचं नाव सोपान नामदेव. त्याला वहीत मी मारलं. या चेअरमननं त्याला भूत म्हणून हसण्यावारी नेलं." एवढं बोलेपर्यंत मला धाप लागली. तहानही लागली होती, तेव्हा भुतापुढचा ग्लास उचलून मी सगळं पाणी पिऊन टाकलं.

त्यावर टाळ्या पडल्या, दिगू. डॉक्टर म्हणाले, "काय अ‍ॅक्टिंग आहे!" प्राध्यापकांनी माझ्यासोबत फोटो काढला. प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, जबरदस्त! दर रविवारी याल का?" तीस वर्षांनी एकदा खरं बोललो आणि मला नाटकात काम मिळालं. मी घरी आलो आणि तुला शिव्या घालत झोपलो. जोरात घातल्या, सुनेनं दार वाजवलं.

आणि मग त्याच अंथरुणात मला छावणीतला तू आठवलास. हे मला लिहायचं नव्हतं. तुझा तिरस्कार करायला बसलो की तू असा मध्येच चांगला आठवतोस, ही तुझी जुनी खोड. त्याच दुष्काळात तू दोन महिने छावणीत झोपलास. अडलेल्या गायीचं वासरू तू कोपरापर्यंत हात घालून काढलंस आणि त्याच हातानं माझ्या पाठीवर थाप मारलीस, माझा सदरा कायमचा बाद झाला. माझी बायको सुमन बाळंतपणात अडली तेव्हा मीटिंग अर्धी टाकून तू जीप काढलीस आणि बीडपर्यंत एकदाही ब्रेक लावला नाहीस. माझी लेक आज आहे ती तुझ्यामुळं. तिला तू कधीच हे ऐकवलं नाहीस. इतर सगळी उपकारांची यादी चावडीवर वाचणारा माणूस तू, आणि हे एक मात्र पोटात ठेवलंस. म्हणून मी तीस वर्षं गप्प होतो का? थोडा म्हणून, आणि बराचसा भित्रा होतो म्हणून. तुझ्यापेक्षा जास्त तिरस्कार मला माझा वाटतो. तू निदान हसत खोटं बोललास, मी खाली मान घालून लिहिलं.

शेवटचं दवाखान्यात भेटलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. तुझ्या नाकात नळी होती. मी म्हणालो, "दिगू, सोपानचं काय करायचं?" तू डोळे उघडलेस. मग खुणेनं जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "मधू, खिशात शेंगदाणे हायेत का?" मी हसलो. बाहेर आल्यावर रडलो. तुला ऐकू गेलं होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही.

सोमवारी सकाळी मी टेकाडावर गेलो. गेल्या पावसाळ्यात पुन्हा पाऊस झाला नाही, आठ दिवसांत छावणी उघडणार आहे आणि पुन्हा तोच ठराव आहे, आधी सभासदांची जनावरं. सोपानच्या नातसुनेनं दोन गायी पाळल्यात, घर त्यांच्या दुधावर चालतं, हे मला माहीत होतं. तीस वर्षांत मी टेकाड चढलो नव्हतो. तो लिंबाखाली बाजेवर बसला होता. नजर गेल्यासारखीच आहे.

"कोन हाय?"

"मी सचिव. मधू."

"कोन? लाल शाईवाला का?"

"हो."

"चेअरमन गेला म्हनं." मी हो म्हणालो. तो हळहळला. "वाईट झालं. माझं लई काम हुतं त्याच्याकडं."

टोमणा नव्हता तो, दिगू. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्याला टूरची हकीकत सांगितली. त्याची खुर्ची, रिबन, भरलेला ग्लास, सकाळी अर्धा होतो ते. तो हसायला लागला आणि हसता हसता खोकला. "अर्धाच कावून? म्या सगळा पीत हुतो. एष्टीत लई तहान लागायची." मग नातसुनेला हाक मारून म्हणाला, "ह्यास्नी पानी दे गं." तिनं घागरीतून तांब्या भरून आणला. पाणी कुठून आणतात ते मला दिसत होतं, टेकाडाच्या पायथ्याशी हंड्यांची रांग होती. मी पिलो.

"आता कावून आलास?" त्यानं विचारलं.

"नाव दुरुस्त करायला."

"तवा कावून न्हाई केलंस? चेअरमनचं भ्या हुतं?"

"होतं."

"मंग त्यो मेला आन तुला जीव आला." त्यानं बाजेच्या उशाशी चाचपडून एक फडकं काढलं. त्यात दोन लोकरीचे गोंडे होते, रंग उडालेले. ते त्यानं माझ्या हातात दिले नाहीत, नुसते दाखवले आणि परत बांधून ठेवले. "लिव्ह," तो म्हणाला. "गायींसाटी लिव्ह. पन आदी चेअरमनला मेल्याला लिव्हलंय का बग. न्हाईतर त्यो बसंल जित्ता आन माझं नाव पुन्यांदा पुडच्या मीटिंगला जाईल."

आज मंगळवार. दुपारी मी सोसायटीत गेलो. आता मंगल सचिव आहे, आपल्या शिपायाची लेक, हुशार आहे. मी सगळं सांगितल्यावर तिनं जुनी वही काढून दिली. त्या पानावर तुझ्या ग्लासाचा गोल डाग अजून आहे आणि त्या गोलात बरोबर सोपानचं नाव. ती म्हणाली, "काका, हयातीचा दाखला जोडू. पण चूक कशी झाली ते तुम्हाला लेखी द्यावं लागंल. तुमच्या सहीनं. उद्या चौकशी झाली तर तुमच्यावर येईल, चेअरमनसाहेब तर न्हाईत आता." मी म्हणालो, "कागद दे."

मग तुझं पान काढायला सांगितलं. मंगल चुळबुळ करायला लागली. तुझं नाव तसंच होतं, स्वच्छ, बिनरेघेचं. "काका, वरून सांगितलंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "निवडणुकीपर्यंत साहेबांचं नाव राहू द्या म्हनून." म्हणजे दिगू, तू मत द्यायला येणार होतास. कुणाला, ते तुलाही कुणी विचारलं नसतं. तुझी पद्धत पोरांनी नीट उचलली आहे, त्यात बोट ठेवायला जागा नाही. सहकाराच्या दीपस्तंभाला यापेक्षा वेगळी श्रद्धांजली शोभली नसती.

मी म्हणालो, "मृत्यूची खबर देणारा म्हणून माझं नाव घाल. मी त्याला खांदा दिलाय." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

आधी मी सोपानचा कागद लिहिला. ही नोंद मी खात्री न करता केली, हा माणूस तेव्हाही हयात होता आणि आजही आहे, असं लिहिलं. तो एका दमात झाला. मग लाल पेन घेतलं आणि तुझ्या नावावर आलो. तिथं मात्र हात थांबला, दिगू. मंडपात, स्मशानात, फ्लेक्सखाली, कुठंच तू मला मेल्यासारखा वाटला नव्हतास. वहीत वाटलास. डोळ्यांना दिसेना म्हणून चष्मा पुसला, तर चष्मा कोरडाच होता. मंगल म्हणाली, "काका, मी लिहू का?" मी नको म्हणालो. बुधवारी आता कुणाशी भांडू, हा एकच विचार डोक्यात होता. मग रेघ मारली, सरळ मारली, आणि पुढं 'मयत' लिहिलं.

तुझी सवय म्हणून मी वही दोन क्षण तशीच पुढं सरकवून धरली. मग माझ्याकडे ओढली. पेन माझंच होतं, दिगू. या वेळी सहीही मीच केली.